माहेराचा व्हिसा

देशाचं नाव लिहीत नाही. पुन्हा कधी अर्ज करायची वेळ आली तर अडचण नको. एवढंच सांगतो की तो देश मोठा आहे, श्रीमंत आहे, आणि दोन-चार महिन्यांसाठी येऊ पाहणारा प्रत्येक पाहुणा जन्मभर आपल्या उरावर बसायलाच निघालाय, अशी त्याची पक्की समजूत आहे. पाहुण्याने मग कागदपत्रं नेऊन पटवून द्यायचं असतं की मला तुमच्याकडे यायचंय खरं, पण तुमचं मला एवढं काही आवडणार नाही.

माझी धाकटी बहीण त्या देशात होती. तिला दिवस गेले होते, पहिलेच. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. त्यात चर्चा नसते. पण बहिणीला डॉक्टरांनी विमानप्रवास करू नको म्हणून सांगितलं आणि प्रश्न उभा राहिला. लेक माहेरी येऊ शकत नाही, तर माहेराने तिच्याकडे जायचं. माहेर म्हणजे आमची आई. लातूरहून पुढे तिने तुळजापूर आणि माहूर सोडून काही पाहिलेलं नव्हतं, आणि तिथेही ती देवाचं आटोपून मिळेल त्या एसटीने परत यायची.

मी तेव्हा लातूरला एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवत होतो. ज्यांनी त्या काळातलं लातूर पाहिलं नाही त्यांना कसं सांगू. डाळमिलांचा धूर आणि कोचिंगचे फलक यांच्यामध्ये जी जागा उरेल तिथे माणसं राहायची. सगळ्या महाराष्ट्रातून आईबाप पोरांना घेऊन यायचे. आम्ही त्यांची गुणपत्रिका बघायचो, फोटो मागायचो, बापाला खुर्चीवर बसवून मुलगा अभ्यास करेल कशावरून असं विचारायचो. थोडक्यात, व्हिसा देण्याचा अनुभव आम्हाला भरपूर होता. मागण्याचा नव्हता.

माझा एक दोष इथेच सांगून टाकतो. कुठेही काही बिघडलं की ते माझ्यामुळेच, असं मला वाटतं. भूकंप झाला त्या पहाटे मी लातूरला भाड्याच्या खोलीवर होतो, शिकायला. गावाकडे गणपती बुडवून लोक झोपले होते. आई आणि लहानगी बहीण अंगणात झोपल्या होत्या म्हणून वाचल्या. वडील आत होते. भूकंप काही मी आणला नव्हता, हे भौतिकशास्त्राच्या माणसाला कळायला हवं. कळतंही. तरी आईसाठी काही करायची संधी आली की मी गरजेपेक्षा जास्त करतो, आणि ते बहुतेक वेळा तिला महागात पडतं.

आई त्या पहाटेनंतर स्लॅबखाली झोपली नाही. सरकारने गाव उठवून दुसरीकडे वसवलं, सरळ रस्ते आणि सिमेंटची घरं दिली, आमचं घर आईच्या नावावर झालं. ती त्या घराला कुलूप लावून माझ्याकडे लातूरला आली आणि माझ्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली बाजेवर झोपू लागली. आता व्हिसाच्या कागदांमध्ये स्वतःच्या मालकीचं घर हा सगळ्यात भक्कम पुरावा समजतात. घर असलं की माणूस परत येतो. मी त्या घराचे फोटो काढले, मूल्यांकन करून घेतलं, शिक्के मारून घेतले. मालकीण त्या घरात एक रात्र झोपायला तयार नाही, हे कुठल्याच रकान्यात विचारलेलं नव्हतं.

पासपोर्टलाही गंमत झालीच. जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती. आमच्या भागात शाळेत नाव घालताना गुरुजी सगळ्यांना एक जून देऊन टाकत. आई शाळेत गेली नव्हती, तरी प्रतिज्ञापत्र करताना वकिलाने तिलाही एक जूनच दिला. जन्मगाव लिहिलं ते जुन्या जागेवर उरलेलं नव्हतं. सारांश, नसलेल्या गावात ठरवून दिलेल्या दिवशी जन्मलेली आणि आपल्याच घरात न राहणारी बाई परदेश पाहायला निघाली होती. तिच्यावर संशय घेणाऱ्यांना मी आज तितका दोष देत नाही.

परदेश पाहायला हे शब्द नांदेडच्या विहीणबाईंचे. म्हणजे माझ्या बहिणीच्या सासूबाईंचे. त्या आदल्या वर्षी लेकाकडे जाऊन आल्या होत्या, आणि त्यामुळे नांदेड ते लातूर या पट्ट्यातल्या व्हिसाच्या सर्वोच्च अधिकारी झाल्या होत्या. मी आईला घेऊन त्यांच्याकडे गेलो. अहमदपूरला बस थांबली तेव्हा आईने उतरून शेंगा आणि केळी घेतली आणि बसमध्येच पोटभर खाल्ली. दुपारी विहिणीकडे जेवायचं असताना हे कशाला, असं मी म्हणालो. तिने एक केळं सोलून माझ्या हातात दिलं.

विहीणबाईंनी ताटं केली होती. आईने आज उपास आहे म्हणून सांगितलं. विहीणबाई हसल्या.

"विहीणबाईंचा आमच्याकडं आलं की रोजच कोणता तरी वार असतो," त्या म्हणाल्या.

"तुमच्या नातवंडानं सोडवला तर सुटंल," आई म्हणाली.

दोघीही हसल्या. मीही हसलो आणि आईच्या वाटचं श्रीखंड खाल्लं. तिने चहाही घेतला नाही हे मला दिसलं होतं. दिसणं आणि कळणं यांतला फरक मी रोज वर्गात समजावून सांगत असे.

मग विहीणबाईंनी शिकवणी घेतली. मुख्य नियम असा की मुलाखतीच्या खिडकीपाशी बाळंतपण हा शब्द काढायचा नाही. बाळंतपण म्हटलं की त्यांना वाटतं ही बाई फुकटची दाई म्हणून कामाला चालली, आणि काम म्हटलं की संपलं. आईने विचारलं, मग मी कशाला चालले म्हणू. पर्यटन म्हणा, विहीणबाई म्हणाल्या. धबधबा बघायचाय म्हणा. तिथला एक मोठा धबधबा त्यांनी फोटोत दाखवला. आईने बराच वेळ तो पाहिला आणि एवढं पाणी वाया कसं जाऊ देतात, असं विचारलं. विहीणबाई म्हणाल्या, हे मात्र तिथं बोलू नका.

जायचं कारण म्हणून लेकीचं बाळंतपण चालत नाही, धबधबा चालतो, हे मला त्या वेळी विचित्र वाटायला हवं होतं. पण मी लातूरचा होतो. प्रश्न मूर्ख आहे का, हे आम्ही कधी बघत नसू. त्याचं अपेक्षित उत्तर काय आहे ते बघायचो.

परत आल्यावर मी अपेक्षित प्रश्न काढले. पर्यटन कशाला, कुठे राहणार, खर्च कोण करणार, परत कशावरून येणार. प्रत्येकाला एका वाक्यात उत्तर, जास्त बोलायचं नाही, न विचारलेलं सांगायचं नाही. घराच्या खिडकीला गज होते. मी आतून खुर्ची टाकून अधिकारी होऊन बसायचो आणि आई अंगणात खिडकीपाशी पदर नीट करून उभी राहायची. रस्त्याने जाणारे माझे विद्यार्थी हे बघायचे आणि सरांच्या घरात काय चाललंय ते त्यांना लगेच ओळखू यायचं. एकाने फाटकातूनच विचारलं, "सर, काकूंची टेस्ट सिरीज का?"

आई चांगली विद्यार्थिनी होती. खर्च कोण करणार, असं मी विचारलं की म्हणायची, "लेक आणि जावई." पण दरवेळी हे उत्तर देताना तिची नजर खिडकीवरून खाली जायची. मी म्हणायचो, माय, वर बघून बोल, आत्मविश्वास दिसला पाहिजे. मला वाटलं, तिला लाज वाटते. लाज घालवायला मी तेवढा एक प्रश्न जास्त वेळा घोटून घेतला.

मुंबईला मी तिला त्या कचेरीच्या दारापर्यंत नेलं. आत तिने एकटीनेच जायचं होतं. माझ्यासारखेच पुष्कळ मुलगे रस्त्याच्या कडेला उभे होते आणि आपापल्या आईबापांनी काय बोलायला हवं ते एकमेकांना सांगत होते. एका पुण्याच्या गृहस्थांनी मला खासगीत सांगितलं की हास्य फार महत्त्वाचं आहे. आईला हसायला सांगायचं राहून गेलं, म्हणून मी अर्धा वेळ तेच घोकत उभा होतो.

आई बाहेर आली ती पासपोर्ट हातात घेऊनच. पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतला तर काम झालं, परत दिला तर नाही, एवढं मला ठाऊक होतं. सोबत एक छापील चिठ्ठी होती. तुमच्या देशाशी असलेले तुमचे संबंध पुरेसे घट्ट असल्याचं आपण पटवू शकला नाहीत, असं त्यात लिहिलं होतं. ज्या बाईने गाव गेल्यावरही राहायला जिल्हा सोडला नव्हता, देश सोडणं दूरच, तिला हे कळवण्यात आलं होतं.

रस्त्याच्या कडेला एका कट्ट्यावर बसून मी तिला काय झालं ते विचारलं. धबधब्यापर्यंत सगळं नीट झालं होतं. मराठी समजावून सांगायला एक बाई होती, तीही चांगली होती. मग खर्चाचा प्रश्न आला.

"त्यांनी इचारलं, जेवणखाण कोण बघणार," आई म्हणाली. "मी म्हणाले, लेकीच्या घरचं मी खाणार न्हाई."

"माय, आपण काय पाठ केलं होतं?"

"तुझ्यापाशी म्हणत होते मी. तू लेकरू हायस. तिथं सरकारी माणसासमोर जावयाच्या घरचं खाईन म्हणून तोंडातनं निघंना. लेकीला लेकरू झाल्याबिगर तिच्या घरचं खातेत का?"

खात नाहीत. आमच्याकडे मुलीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचा घासही घेत नाहीत. हे मला लहानपणापासून माहीत होतं. विहीणबाईंना माहीत होतं, म्हणून त्या उपासावर हसल्या होत्या. शेंगा विकणाऱ्याला सांगितलं असतं तर त्यालाही कळलं असतं. परदेशी अधिकाऱ्याला मात्र सरळ हिशेब लागला. बाई लेकीच्या घरचं खाणार नाही, स्वतःचं उत्पन्न नाही, म्हणजे ती पोटासाठी तिथे काहीतरी काम करणार. त्याच्या जागी मी असतो तरी तिला नापास केलं असतं. खरं तर, मीच केलं होतं.

त्या रात्री बसमध्ये मला भूकंपानंतरचे दिवस आठवले. पडलेल्या गावात तेव्हा देशोदेशीची माणसं आली होती. तंबू, औषधं, माणसं हुंगणारी कुत्री घेऊन. त्यांत त्या देशाचेही लोक होते. कुणी बोलावलं, किती दिवस राहणार, खर्च कोण करणार, परत जाल कशावरून, असं त्यांना आमच्यापैकी कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. आई तेव्हा वडिलांना पोचवून आली होती आणि मागून आणलेल्या स्टोव्हवर तिने त्यांच्यासाठी चहा केला होता. त्यांनी तो घेतला. त्यांच्याकडे तसली काही अडचण नसावी.

नांदेडहून विहीणबाईंचा फोन आला. इतकं शिकवून कसं झालं, असं त्या मला विचारत राहिल्या. मी त्यांना म्हणालो, तुम्हीच जा, तुमचा व्हिसा आहे अजून. त्या म्हणाल्या, पहिलं तुमचं, दुसरं आमचं, तेव्हा येईन. यावरही चर्चा नसते.

बहिणीचे दिवस भरत आले होते. ती फोनवर एरवी सगळं ठीक आहे म्हणायची. चिठ्ठीचं कळल्यावर तिने ती मला दोनदा वाचायला लावली. मग म्हणाली, "दादा, त्या पहाटे मायनं मला छातीशी धरलं होतं, तसं कुणी तरी पाहिजे. मला इथं कुणी न्हाई."

मी तिला पुन्हा अर्ज करतो म्हणालो. दाजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, मी खर्चाच्या अडचणीचं सांगितलं तर ते चिडले. इतकी वर्षं इथं राहून हे असलं ऐकायचं का, म्हणाले. मग मी आईला समजवायला गेलो. बाजेवर बसून ती ज्वारी निवडत होती. मी आधुनिक काळ, कायदा, दाजींचा मान असं बरंच बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तिला भाऊ हाय न्हवं?" ती म्हणाली. "माझ्या पोटाचं भावानं बघावं. ल्योकाचं खायला मला कुणी आडवलंय?"

इतकं सोपं होतं. अर्जात खर्च करणारा म्हणून मुलाचं नाव घालायचं. ते मला सुचलं नाही, कारण परदेशी राहणारे आपल्याला पोसतात, आपण त्यांना नाही, अशी माझी समजूत होती. क्लासच्या संचालकांनी माझ्या पगाराचं प्रमाणपत्र दिलं. त्यात मला विभागप्रमुख केलं होतं. विभागात मी एकटाच होतो, त्यामुळे ते खोटंही नव्हतं. आईची एक अट होती. कागदावर लिहिलं तर पैसे खरोखर पाठवायचे. ते मी पाठवले, आणि दाजी पुष्कळ दिवस माझ्याशी तुटक बोलत राहिले.

या वेळी मी काहीच पाठ करून घेतलं नाही. शहाणपण सुचलं म्हणून नव्हे. आईनेच खिडकीपाशी उभं राहायला नकार दिला.

पुन्हा मुंबईला गेलो तेव्हा आत दुसरा अधिकारी होता. कशाला चाललात, असं त्याने विचारल्यावर आईने जे सांगितलं ते ऐकून रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या सगळ्या मुलांनी डोक्याला हात लावला असता. ती म्हणाली, पोरीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला पाहिजे, ती येऊ शकत नाही म्हणून माहेर चाललंय. जेवणखाण कोण बघणार, तर मुलगा. मग परत कशावरून याल, हा शेवटचा प्रश्न. घराच्या कागदांचं जाड पाकीट तिच्या हातात होतं. ते तिने उघडलं नाही.

"मी म्हणाले, सव्वा महिना झाला की बाळंतीण उठती. मग मायचं काम संपतं. त्याच्या पुढं लेकीच्या घरी राहिलं तर लोक नावं ठेवतेत."

समजावून सांगणाऱ्या बाईला हसू आलं म्हणे. तिने ते इंग्रजीत सांगितलं, अधिकारीही थोडा हसला आणि त्याने पासपोर्ट ठेवून घेतला. खरं बोलल्यामुळे काम झालं असं मी म्हणणार नाही. रांगेत तिच्या पुढे असलेल्या एका म्हाताऱ्यानेही खरंच सांगितलं होतं आणि तो पासपोर्ट हातात घेऊन बाहेर आला होता. त्या दिवशी खिडकीमागे कोण बसलंय यावर पुष्कळ काही असतं. आमच्या क्लासच्या प्रवेशालाही होतं.

तिथल्या विमानतळावर आईची पिशवी उघडली गेली. तूप काढून घेतलं. डिंकाचे लाडू एकेक फोडून पाहिले आणि परत दिले. ज्वारीचं पीठ आणि लातूरची तूरडाळ कशाला, असं विचारल्यावर तिने पोटाकडे बोट दाखवलं. तिला सहा महिने राहायची परवानगी मिळाली. बहिणीने हे आनंदाने सांगितलं तर आई म्हणाली, त्यांना काय माहीत किती दिवस ऱ्हायचं ते.

बाळंतपणाला अजून थोडा अवकाश होता. तोवर आईने लेकीच्या घरात आपली वेगळी चूल मांडली. शेगडी एकच होती, पण भांडं लातूरहून नेलेलं. माझ्या पैशाचा भाजीपाला फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, जावयाचा वर. दाजींनी एकदा चुकून आईची कोथिंबीर वापरली तर तिला ते चाललं. उलटं चालत नव्हतं. पाण्याचं काय, असं मी फोनवर विचारलं. पाणी सरकारचं असतं, ती म्हणाली. या एका बाबतीत तिने त्या देशाचा पाहुणचार मान्य केला होता.

झोपण्याची मला काळजी होती. तिथे अंगण नव्हतं आणि बाहेर थंडी होती. पहिल्या रात्री तिने भिंतीवर बोटांनी वाजवून पाहिलं आणि हे कशाचं आहे ते लेकीला विचारलं. लाकडाचं, बहीण म्हणाली. इकडची पुष्कळ घरं लाकडाचीच असतात.

"मग काय न्हाई," आई मला फोनवर म्हणाली. "पडलं तरी दाबून मारायचं न्हाई."

भूकंपानंतर पहिल्यांदा ती चार भिंतींच्या आत झोपली. लेकीच्या बाजूला, जमिनीवर. मी लातूरला अंगणात गेलो तेव्हा शेडखाली तिची बाज रिकामी होती. तिथे जरा वेळ बसून मी उद्याच्या तासाची तयारी केली.

मग एका सकाळी, मी क्लासला निघालो असताना, दाजींचा फोन आला. आवाज जागरणाने बसला होता. त्यांनी ना मुलगा सांगितला ना मुलगी. ते म्हणाले, "दादा, आत्ता दवाखान्यातून घरी आलो. मायनी आमच्या घरचा चहा घेतला."

पलीकडे फोन आईच्या हातात गेला. मी विचारलं, "कसा होता?"

"गोड लई करतेत," आई म्हणाली. "पर दुसरा कप मागून घेतला."

नात झाली, हे मला संध्याकाळी नांदेडच्या विहीणबाईंकडून कळलं.